फोंड्याचा घाट पायी

"रेवती, थांबत का नाहीये?" शालनताईंनी मागून विचारलं.

राधानगरी मागं टाकून तासभर झाला होता. रस्त्याला साधाच उतार होता. वळणापलीकडून पाच-सहा म्हशी आडव्या आल्या, म्हणून मी दोन्ही ब्रेक दाबले. लिव्हर हाताला घट्ट लागले, चाकांतून बारीक घासल्यासारखा आवाजही आला, पण सायकल आपली चाललीच होती. मी पाय खाली टाकले. बुटाचे तळ डांबरावर फरफटत गेले. गुराखी ओरडला. शेवटच्या म्हशीच्या पोटाला हँडल टेकलं, तेव्हा कुठं आम्ही थांबलो.

"थांबली एकदाची," मी म्हणाले.

"थांबली कुठं, टेकली. आणि वासावरून म्हशीला टेकलीय." शालनताई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "ब्रेक लागत नाहीत का गं?"

"वायर सैल झाली असेल. बघते."

वायर सैल नव्हती. लिव्हर हाताला लागला तेव्हाच मला ते कळलं होतं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि कोल्हापूरच्या एका तंत्रनिकेतनात यंत्रविभागाच्या कार्यशाळेत शिकवत होते. शालन पारकर चव्वेचाळीस वर्षांच्या. बँकेत टेलिफोन ऑपरेटर. तीन वर्षांच्या असताना गोवर आला आणि त्यात डोळे गेले, असं त्यांनीच मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं, आपलं गाव सांगावं इतक्या सहज. आमच्या सायकल क्लबानं पुण्याहून एक जुनी जोडसायकल आणली होती. दोन सीट, दोन जोड्या पॅडल, हँडल मात्र एकाचंच चालणार. दर रविवारी मी पुढं बसायचे आणि शालनताई मागं. पुढच्यानं सतत बोलत राहायचं, हा आमचा रिवाज. "खड्डा." "डावं वळण." "चढ आलाय, जोर लावा." मी जे बघेन ते त्यांना सांगायचं, मग त्या निर्धास्त पाय मारायच्या. उतारावर त्या तोंड उघडं ठेवून वारा प्यायच्या आणि मधूनच मोठ्यानं ओरडायच्या, शाळकरी मुलीसारख्या.

घाटाच्या पायथ्याशी, फोंड्याला, त्यांच्या भावाचं घर. बावीस वर्षं त्या कोल्हापुरात नोकरी करत होत्या, पण या बावीस वर्षांत एकदाही एकट्या घरी गेल्या नव्हत्या. दर सणाला भाऊ जीप घेऊन न्यायला यायचा आणि आणून सोडायचा. एसटीनं येते म्हटलं तरी नको म्हणायचा. त्या डिसेंबरात शालनताईंनी फोन करून त्याला कळवलं, "न्यायला येऊ नकोस. मी सायकलनं येते." फोनवर बराच वेळ वाद झाला. आंधळ्या बाईनं घाटातून सायकलवरून उतरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, आणि तिला घेऊन येणारी त्याहून वेडी, असं त्याचं म्हणणं. शालनताईंनी हे मला शब्दन् शब्द सांगितलं आणि म्हणाल्या, "आता तर गेलंच पाहिजे."

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी सायकल झकास साफ केली. साखळीवर गंज सुटायचा स्प्रे मारला, गिअरवर मारला, जुन्या फडक्यानं घासून काढलं. मग ब्रेकच्या चकत्या धुळकट दिसल्या म्हणून त्याही पुसल्या. त्याच फडक्यानं. पुसताना क्षणभर मनात आलं, की अगं, हे तेलकट आहे. पण चकत्या आरशासारख्या चमकायला लागल्या होत्या आणि मला ते बघायला बरं वाटत होतं. अंगणात एक फेरी मारून ब्रेक दाबून बघितला. एकट्या माणसाला, अंगणात, सायकल थांबली. पुरे म्हटलं.

म्हशी गेल्यावर मी उगाच दहा मिनिटं वायरशी खटपट केली. ताण वाढवला. पॅड चकतीच्या आणखी जवळ आणले. शालनताई रस्त्याकडेला दगडावर बसून चिक्की खात होत्या.

"झालं?"

"झालं. साफ केल्यावर थोडा वेळ असं होतं. चालवत राहिलं की लागतात."

हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणून बोलायला सोपं गेलं. पुढचे वीस किलोमीटर मी उतार आला की आधीच वेग कमी करायचे, पाय खाली टाकायला तयार असायचे. रस्ता बहुतेक चढाचा होता म्हणून निभावलं. पण दाजीपूरनंतर घाट होता. दहा-बारा किलोमीटर नुसता उतार, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. मी मनात हिशेब करत होते आणि तोंडानं "खड्डा" म्हणत होते. एकदा खड्डा सांगायचा राहिलाच. शालनताई सीटवरून हातभर उडाल्या.

"लक्ष कुठाय तुझं?"

"सॉरी, सॉरी."

दाजीपूरच्या अलीकडं एक पत्र्याचं गॅरेज होतं. पंक्चर काढणारे आणि मोटारसायकली दुरुस्त करणारे इलाही मुजावर तिथं बसले होते. पांढरी दाढी, अंगात खाकी शर्ट. जोडसायकल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली असावी. दोन फेऱ्या मारून सगळीकडून बघितली आणि मग मला म्हणाले, "बोला पोरी, काय झालंय?"

मी सांगितलं. त्यांनी पुढचा लिव्हर दाबला, सोडला, परत दाबला.

"लिव्हर आत बुडत असता तर वायरीचा दोष. ह्यो तर दगडासारखा घट्ट हाय. घट्ट हाय आणि गाडी थांबत न्हाई, म्हंजे पॅड तेल प्यालेत." त्यांनी चकतीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "कुणी पुसलं हे तेलाच्या फडक्यानं?"

शालनताई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. यंत्रविभागात शिकवणारी मी. मुलांना दरवर्षी सांगायची, घर्षणाच्या जागी वंगण जाता कामा नये.

"दुकानात दिली होती सर्व्हिसिंगला," मी म्हणाले. "तिथल्या पोरानं केलं असेल."

"मारायला पाहिजे त्याला," मुजावरचाचा म्हणाले.

शालनताईंनी मान माझ्याकडं वळवली.

चाचांनी चारही पॅड काढून दाखवले. त्यांच्यावर काळे चकाकते डाग पडले होते. त्यांनी ते पॉलिश पेपरवर घासले, स्टोव्हच्या आचेवर धरले. त्यातून धूर निघाला. परत घासले. चकत्या गरम पाणी आणि साबणानं धुतल्या, मग कपाटातून स्पिरिटची बाटली काढून कोऱ्या कापडानं पुसल्या. पेट्रोलनं पुसू का, असं मी विचारलं तर म्हणाले, "पेट्रोल बी मागं चिकटा ठेवतंय. ऱ्हाऊ दे." पॅड बसवल्यावर मला म्हणाले, "आता एकटीच बस. सपाटीवर पळव आणि हळू हळू ब्रेक दाबत आण. चाक जाम करायचं न्हाई. वीस येळा."

मी रस्त्यावर वीस वेळा गेले, वीस वेळा आले. दहाव्या खेपेला पुढचा ब्रेक पकड घ्यायला लागला. पंधराव्याला चांगलाच लागला. मागचा मात्र नुसता किंचाळत होता, थांबवत नव्हता. चाचांनी पुन्हा एकदा तो उतरवला, घासला, तापवला. तेल फार आत गेलं होतं. नवे पॅड त्यांच्याकडं नव्हते, दाजीपुरात कुणाकडंच मिळाले नसते.

"एका ब्रेकवर जाईल का घाटात?" मी विचारलं.

"जाईल की. अर्ध्या घाटात तापून सुटला तर?" त्यांनी हात पुसले. "ह्यात दोघींचं वजन हाय. मी माझ्या लेकीला बसू दिली नसती. पुढं तुमची मर्जी."

ते चहा सांगायला गेले. आम्ही दोघी बाकावर बसलो. शालनताईंनी काठी घडी करून मांडीवर ठेवली होती.

"कुठलं दुकान गं?" त्यांनी विचारलं.

"कसलं?"

"सर्व्हिसिंगचं. परवा तर म्हणालीस, सायकल घरी आणलीय, शनिवारी मी स्वतः चकाचक करते."

समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार नाहीसा झाला.

"मीच पुसलं," मी म्हणाले. "त्याच फडक्यानं. तेल आहे हे कळलं होतं, तरी पुसलं. आणि म्हशीपाशीच मला समजलं होतं काय झालंय ते. तुम्हाला वायरचं सांगितलं ते खोटं होतं."

"वीस किलोमीटर?"

"वीस किलोमीटर."

त्यांनी मान हलवली. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"हे बघ, तू पुसलंस ते होतं माणसाच्या हातून. पण रस्ता कसा आहे ते मला फक्त तुझ्या तोंडून कळतं. तू एकदा खोटं बोललीस, की मग मला सगळाच रस्ता खोटा वाटायला लागतो." थोड्या वेळानं म्हणाल्या, "घाट किती लांब आहे?"

"दहा-बारा किलोमीटर."

"चालत तीन तास. चहा पी, निघू. दादाला वाटलं होतं मी घाटातून गडगडत येईन. चालत येईन असं नसेल वाटलं."

घाटाच्या तोंडाशी साडेअकरा वाजले होते. मी सायकल ढकलत होते आणि शालनताई मागच्या सीटवर हात ठेवून चालत होत्या. ऊन होतं, पण झाडी दाट. मी बोलत होते. दरी उजव्या हाताला. खाली धुरकट दिसतंय, त्यापलीकडं कोकण असेल. माकडाचं पिल्लू कठड्यावर बसलंय. दरड कोसळून लाल माती पडलीय, डावीकडून या. इतकं बारीक मी एरवी कधी सांगितलं नव्हतं. त्या मधूनच विचारायच्या, "आणि?" मग मी आणखी सांगायचे.

अर्धा घाट उतरलो असू. खालून एक जीप घरघरत वर आली आणि आमच्याजवळ कच्चकन थांबली. एक उंच, वाळका माणूस उतरला. पन्नाशीचा, डोक्याचे केस पिकलेले.

"काय झाला गो? लागला खंय?" त्यानं धावत येऊन शालनताईंचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून बघितले.

भालचंद्र पारकर. शालनताईंचा दादा. दोघं मालवणीत बोलत, मला ती पुरती बोलता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं माझ्या भाषेत सांगते.

"काही झालं नाही," शालनताई म्हणाल्या. "रस्ता खराब आहे म्हणून उतरून चालतोय."

"रस्ता चांगला आहे. मी आत्ताच आलो." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय मोडलंय?"

"सांगितलं ना, काही नाही," शालनताई म्हणाल्या. त्यांचा हात सीटवर होता, तिथूनच त्यांनी मला कोपरानं हळूच ढोसलं. गप्प राहा, असा अर्थ. मला भावापुढं तोंडघशी पडू द्यायचं नव्हतं त्यांना.

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. आजही वाटतं, बसले असते तर कुणाचंच काही बिघडलं नसतं.

"ब्रेक लागत नाहीत," मी म्हणाले. "माझ्या चुकीमुळं. मी तेलाच्या फडक्यानं पुसले. आणि ते कळल्यावरही मी यांच्याशी खोटं बोलले, वीस किलोमीटर तशीच घेऊन आले. कुठंही काहीही झालं असतं."

आता हा माणूस दरीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडणार, अशी मी वाट बघत राहिले. ते ओरडले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले. मग अगदी हळू विचारलं, "हे तू तिला सांगितलंस?"

"हो."

"स्वतःहून?"

"त्यांनी विचारलं. मग सांगितलं."

"मग ती काय म्हणाली?"

मला हा प्रश्न फार विचित्र वाटला. शालनताई तिथंच उभ्या होत्या, त्यांनाच विचारायचं.

"काय म्हणणार?" शालनताईच बोलल्या. "म्हटलं, चल, चालत जाऊ."

"रागावली नाहीस?"

"रागावले. पण सांगितलं ना तिनं."

भालचंद्रांनी जीप कडेला घेतली, किल्ली काढून खिशात घातली. मला वाटलं, आता सायकल टपावर चढवायला सांगतील. पण त्यांनी माझ्या हातातून हँडल घेतलं आणि सायकल ढकलत चालायला लागले. "जीप?" मी विचारलं. "राहू दे," म्हणाले. उरलेला घाट ते एक शब्द बोलले नाहीत. शालनताई मला कुजबुजून म्हणाल्या, "याला झालंय काय?"

घरी पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. वहिनींनी सोलकढी, भात, तळलेले बांगडे असं जेवण केलं होतं. जेवल्यावर आम्ही पडवीत बसलो. समोर फणसाची झाडं आणि अंगणात वाळत घातलेली सुपारी. वहिनी आत भांडी घासत होत्या. भालचंद्र पायरीवर बसले होते, आमच्याकडं पाठ करून.

"शालू," ते म्हणाले. "तुला गोवर नव्हता आला."

शालनताईंनी मान वर केली.

"गणपतीआधी घराला रंग द्यायचा होता. बाबांनी चुन्याचे खडे आणून ठेवले होते. पाण्यात टाकले की कसे उकळतात ते मला बघायचं होतं. आईनं नको म्हणून सांगितलं होतं. ती विहिरीवर गेली तेव्हा मी बादलीत खडे टाकले आणि वरून पाणी ओतलं. एकदम. तू बाजूला वाकून बघत होतीस. मीच तुला बोलावलं होतं, गंमत बघ म्हणून."

मी उठायला लागले. हे ऐकायचा मला अधिकार नव्हता. पण शालनताईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मी दहा वर्षांचा होतो," भालचंद्र म्हणाले.

"आईला ठाऊक होतं?" शालनताईंनी विचारलं.

"तिनंच ठरवलं, गोवर म्हणायचं. नाहीतर गाव मला जगू देणार नाही, म्हणाली. जाताना माझ्याकडून वचन घेतलं, की सांगायचं नाही."

"मी रडले होते का?"

"दोन दिवस," ते म्हणाले. "मग नाही."

शालनताईंची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. चेहरा मात्र शांत होता, एखाद्या जुन्या आवाजाची ओळख पटवत असल्यासारखा.

"म्हणून मला कुठं जाऊ दिलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"भीती वाटायची. परत काही झालं तर."

"भीती तुला वाटायची आणि घरात मी बसायचे." त्यांचा आवाज चढला नाही. "मला वाटायचं, मी आंधळी आहे म्हणून मला जमणार नाही. बावीस वर्षं मी स्टँडवर जायलासुद्धा घाबरले, दादा. ती माझी भीती नव्हतीच."

भालचंद्र मागं वळले. हात पुढं केला, मग तसाच मागं घेतला. शालनताईंना तो दिसणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

शालनताई उठल्या आणि आत गेल्या. त्या घरात त्या कधी चाचपडत नसत, उंबरा, खांब, पायऱ्या सगळं पायांना पाठ होतं. पण त्या दिवशी त्या भिंतीला हात लावत लावत गेल्या.

आम्ही दोन दिवस राहिलो. त्या सगळ्यांशी बोलत होत्या, शेजारणींना सायकल दाखवत होत्या, वहिनींबरोबर नारळ खवत होत्या. भावाशी मात्र एक अक्षर नाही. तेही समोर येत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात आले तर सायकलीच्या सीटवर कागदाची पुडी ठेवलेली. आत चार नवे पॅड. कणकवलीची तीन दुकानं पालथी घातली, असं वहिनींनी सांगितलं. मी चकत्या पुन्हा साबणानं धुतल्या, स्पिरिटनं पुसल्या, पॅड बसवले आणि गावच्या रस्त्यावर वीस फेऱ्या मारल्या. शालनताई पायरीवर बसून मोजत होत्या. मग हात लावून स्वतः लिव्हर दाबून बघितला. "आता?" म्हणाल्या.

"आता लागतात. दोन्ही."

तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्या वहिनींना म्हणाल्या, पण आवाज अंगणभर जाईल असा ठेवून, "आम्ही घाट चढून जाणार. कुणी मागून जीप घेऊन येऊ नका."

भालचंद्र गोठ्याच्या दाराशी उभे होते. त्यांनी मान डोलावली. मग "बरं," म्हणाले.

चढ फार कठीण होता. चार-पाच वेळा उतरून ढकलावी लागली. खालून गाडीचा आवाज आला की शालनताई पाय मारायचं थांबवायच्या आणि कान द्यायच्या. ट्रक असायचा, एसटी असायची. एकदा खरोखरच एक जीप आली, हिरव्या रंगाची, आणि आमच्या बाजूनं निघून गेली. त्यानंतर त्यांनी कान देणं सोडलं. वाटेत दोनदा रडल्या असाव्यात. मागं बसलेल्या माणसाचं रडणं पुढच्याला फक्त पॅडलमधून कळतं. जोर एकदम कमी व्हायचा आणि मग दुपटीनं यायचा.

माथ्यावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. त्यांनी बाटली तोंडाला लावली, अर्धी डोक्यावर ओतली. घामानं केस कपाळाला चिकटले होते. मग पिशवीतून फोन काढून माझ्या हातात दिला.

"घरचा नंबर लाव."

मी लावून दिला. पलीकडं पहिल्याच रिंगला कुणीतरी उचलला. शालनताई काही क्षण नुसत्या श्वास घेत होत्या, चढाचा की कसला कोण जाणे.

"दादा," त्या म्हणाल्या, "वर पोचलो. तू जेवलास की नाही अजून?"